एक्स्टर्नल हार्ड डिस्क अडली? निदान या चुका तरी टाळा

रिपेअरिंगच्या दुकानात बसून एक गोष्ट कळते. हार्ड डिस्क अडते किरकोळ कारणाने, पण तिचं वाटोळं होतं ते घरी, दुकानात आणण्याआधीच्या तासाभरात.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते फॉरमॅटवरून. विंडोज विचारतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? लोक खुशाल 'हो' म्हणतात. अहो, डिस्क रिकामी झालीये म्हणून नाही विचारत ते. फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. फोटो, हिशोब बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. कॅन्सल दाबा आणि डिस्क काढून ठेवा.

मागे लग्नसराईत एक फोटोग्राफर आला, चेहरा पांढराफटक. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं शूट एकाच डिस्कवर, कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी कोरी केलेली. डिस्कने फॉरमॅट मागितलं आणि 'कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या' मेहुण्याने ते दिलं. तेही क्विक फॉरमॅटची खूण काढून, म्हणजे काम पक्कं व्हावं! क्विक फॉरमॅट फाइलींची यादी तेवढी पुसतं. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं, आणि शून्यांखालचं काही परत येत नाही. नशीब एवढंच की मेहुणा उतावळा. हिरवी पट्टी हलेना म्हणून त्याने मध्येच केबल उपटली. फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावून रात्रभर डिस्क चाळली. हळद गेली, लग्न लागतानाचे फोटो मिळाले. तेही मूळ नावांशिवाय, सगळा एकच ढीग. तो निवडत बसायचं काम मी मेहुण्यालाच द्यायला सांगितलं.

आणि हो, सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर उतरवू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही तिच्यावर टाकू नका. हे सांगावं लागतं.

दुसरी खोड चेकडिस्कची, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या कमांडची. व्हिडिओत कोणीतरी कमांड सांगतो, लोक ती ठोकतात. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा मेळ बसवतं, तुमचा डेटा वाचवणं हे त्याचं कामच नाही. सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, खराब होत चाललेल्या डिस्कला ते तासन्‌तास दामटतं. मी आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतो. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणाऱ्या जागा शेवटी घेतं. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर. याला वेळ लागतो. 'दहा मिनिटांत होईल ना?' विचारणाऱ्यांना मी समोरचा चहाचा गाडा दाखवतो.

टकटक आवाज येत असेल तर तेवढंही करू नका. तो बहुधा हेडचा, म्हणजे डेटा वाचणाऱ्या भागाचा, बिघाड असतो. वीज तोडा आणि रिकव्हरी लॅब गाठा. फ्रिजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून कसा जिवंत आहे कोण जाणे. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

डिस्क दिसतच नसेल तर आधी केबल बदला. त्या चपट्या, रुंद मायक्रो-बी पिना फार लवकर ढिल्या होतात. पुढच्या पोर्टमधून किंवा स्वस्त हबवरून लावली असेल तर थेट मागच्या पोर्टला लावा. युएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 पोर्ट 900. छोट्या डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच जास्त वीज लागते. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळा 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असतो. पिन बसते म्हणून तिथे लॅपटॉपचा 19 व्होल्टचा खुपसू नये.

डिस्क फिरतेय पण 'धिस पीसी'त दिसत नाही? विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून ड्राइव्ह लेटर (ई, एफ असं अक्षर) द्या. मात्र तिथे 'इनिशियलाइज', म्हणजे डिस्क नव्याने मांडायची का, विचारलं तर तेही नको.

मॅकवर फाइल टाकता येत नाही, कारण डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये आहे. मॅक ती फक्त वाचतो. 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, कारण फॅट32 हा जुना फॉरमॅट. दोन्हींवर उपाय म्हणजे डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणं, पण आधी डेटा दुसरीकडे हलवा.

1 टीबीची डिस्क 931 जीबी दाखवते, हा बिघाड नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. एवढ्यासाठी पावती घेऊन दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.