दोन फोटोसंग्रहांचा एक केला, तेव्हा डिस्क मोकळी झाली

माझ्या लॅपटॉपची डिस्क भरत आली होती. जुन्या संगणकावरचा फोटोसंग्रह आणि फोनचा बॅकअप, दोन्हींत बहुतेक फोटो तेच, फक्त फाइलींची नावं वेगळी.

आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं. ही पायरी अजिबात गाळू नका. मग दुबार फाइली शोधणारं ड्यूपगुरू हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं. त्यात जुन्या संग्रहाचं फोल्डर 'रेफरन्स' ठरवलं, म्हणजे तिथली एकही फाइल पुसली जात नाही. स्कॅनसाठी 'कन्टेन्ट्स' निवडलं. नाव काहीही असो, फाइलीतला डेटा तंतोतंत जुळला तरच फाइल दुबार धरली जाते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो मात्र असे सापडत नाहीत. ते आकाराने लहान होतात, काढल्याची तारीखही सहसा उडते. त्यांच्यासाठी 'पिक्चर' मोड आहे, पण तो फक्त सारखेपणा बघतो. लागोपाठ काढलेले दोन वेगळे फोटोही त्याला एकच वाटू शकतात. म्हणून इथे घाई नको. मी जोड्या डोळ्यांनी तपासल्या आणि मूळ, मोठी फाइल ठेवली. आजीचे फोटो यंत्राच्या भरवशावर कसे सोडणार?

उरलेले वेगळे फोटो जुन्या संग्रहात हलवले. रिसायकल बिन रिकामा केल्यावरच जागा प्रत्यक्षात सुटली.