नामंजूर अर्जात सापडला पूर्वज

मुलीच्या सासरचं घराणं पेनसिल्व्हेनियाचं. त्यांचा एक पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला, एवढंच विहीणबाईंना ठाऊक. सैन्याच्या कागदांत नाव मिळेना. नोव्हेंबर १८०० मध्ये तिथल्या युद्धखात्याला आग लागून बरेच कागद जळाले होते. मग पेन्शनचे अर्ज धरले. १८३२ च्या कायद्यानुसार निदान सहा महिने लढलेल्यांना पेन्शन होती, त्यासाठी म्हातारे सैनिक कोर्टात आपली हकिकत सांगत. ‘स्नायडर’ हे आडनाव शोधून काही नाही. जर्मन वळणानं ‘श्नायडर’ टाकलं आणि सापडला, पण नामंजूर, म्हणजे ‘रिजेक्टेड’च्या ‘आर’ अक्षराच्या फायलींत! सेवा पाचच महिने भरली होती. तरी गाव, वय, कप्तानाचं नाव, सगळं त्याच्याच तोंडचं. फोनवर वाचून दाखवलं तेव्हा विहीणबाई रडल्या.