आई आजारी आहे हे आईला पटत नाही तेव्हा

आईने दाराच्या किल्लीच्या भोकात कापसाचा बोळा कोंबला होता आणि वर चिकटपट्टीचे तीन थर लावले होते. "वरच्या मजल्यावरचे सगळं ऐकतात," ती कुजबुजली. मी बोळा उपसला, भिंत ठोकून दाखवली, इथून काही ऐकू जाणं शक्य नाही हे पुन्हा पुन्हा समजावलं. दुसऱ्या दिवशी बोळा परत जागेवर होता, आणि मीही वरच्यांना सामील आहे असं तिचं ठाम मत झालं होतं. जवळजवळ वर्षभर मी हेच करत राहिले. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: खरं काय, खोटं काय, हे तिच्यापुढे सिद्ध करायला जाऊ नका.

काही मानसिक आजारांत आपल्याला काही झालंय हेच माणसाला जाणवत नाही. तो हट्ट नसतो, नाटकही नसतं. डॉक्टर याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये हा शब्द अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी आणला: हात लुळा पडलाय आणि रुग्णाला त्याचा पत्ताच नाही. हे वाचलं आणि आईवरचा माझा निम्मा राग उतरला.

मग बोलायचं काय? भीती खरी असते, तिच्याशी बोला. "मला तसं काही जाणवत नाही गं, पण तुला रात्रभर धास्ती वाटते ते दिसतंय मला." संशयाला हो म्हणायचं नाही आणि तो खोडायचाही नाही. आवाज चढायला लागला तर "दहा मिनिटांत येते" म्हणून खोलीबाहेर पडा, आणि दहा मिनिटांनी खरंच परत या.

एक वही करा. तारीख, वेळ, झोप, जेवण, आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत. 'विचित्र वागली' असं लिहू नका. 'रात्री दोन ते पाच जागी, चार वेळा कडी तपासली' असं लिहा. निदान करताना लक्षणं किती दिवस टिकली हे डॉक्टर बघतात. नैराश्यासाठी कमीत कमी दोन आठवडे, उन्मादासाठी साधारण एक आठवडा असा निकष आहे. आजाराचं नाव मात्र आपण ठरवायचं नाही. मी वाचून वाचून आईला तीन आजार चिकटवले होते, आणि एकदा भांडताना त्यातला एक तिच्या तोंडावर फेकला. तो शब्द ती अजून विसरलेली नाही.

डॉक्टरकडे नेताना ज्या त्रासाबद्दल ती स्वतःच कुरकुरते तो धरा. आमच्याकडे ती झोप होती. "झोपेचं विचारून येऊ" याला ती तयार झाली, आणि ते खोटंही नव्हतं. आधी नेहमीच्या डॉक्टरांनाच दाखवा. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, स्टिरॉइडसारखी औषधं यांमुळेही मन बिघडू शकतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा संशय वाढू शकतो. वहीतली दोन पानं डॉक्टरांना आधीच पोचवा. ते तुम्हाला तिच्याबद्दल काही सांगणार नाहीत कदाचित, पण तुमचं ऐकून तर घेतील.

जेवणातून गुपचूप औषध देण्याचा मोह मलाही झाला. देऊ नका. ज्या माणसाला आधीच सगळ्यांचा संशय येतोय, त्याला एकदा ते कळलं की तुमच्या हातचं पाणीही तो पिणार नाही.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. मरणाची भाषा, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा प्रयत्न, अन्नपाणी बंद, किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी आलेला गोंधळ (म्हातारपणी लघवीच्या संसर्गानेही असं होतं): त्याच दिवशी दवाखाना गाठा. "जीव द्यावासा वाटतो का?" हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

तुम्ही अजून शाळा-कॉलेजात असाल तर हे एकट्याने पेलायचं नाही. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला आजच सांगा. आणि मोठे असाल तरी रात्री वाटून घ्या. मी हे फार उशिरा केलं. आता आठवड्यातल्या तीन रात्री भाऊ आईकडे असतो, वही तोच लिहितो, आणि त्या रात्री मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपते.