आपल्या भागातली झाडं-पाखरं नुसती ग्रुपवर फिरून हरवू नयेत म्हणून काय करायचं

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या कळंबा तलावावर शेजारच्या काकांनी एक बदक दाखवलं आणि म्हणाले, हे बघ हळदीकुंकू. झूम करून बघितलं तर खरंच की, चोचीच्या टोकाला पिवळाधमक रंग आणि चोच कपाळाला टेकते तिथं दोन लाल ठिपके, म्हणजे ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं ओळखायची खूणच नावात बांधून ठेवलीय. वारकरी पक्ष्याचंही तसंच, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. अशी नावं आपल्याकडं घराघरात आहेत, पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, चार अंगठे मिळतात आणि संध्याकाळपर्यंत गुड मॉर्निंगच्या खाली गाडली जातात. म्हणून आम्ही गल्लीतल्या लोकांनी जे करून बघितलं ते लिहितोय, तुमच्याकडं जमेल तसं करा.

ग्रुप छोटा ठेवा. पंधरा-वीस माणसं बास, पण त्यात एक तरी शेतात राबणारा, एक रानभाज्या विकायला बसणारी मावशी आणि एक शाळेतलं पोरगं पाहिजेच. नियम एकच, फोटोबरोबर तीन गोष्टी लिहायच्या : कुठं दिसलं, कधी दिसलं आणि नाव कुणाकडनं कळलं. तिसरी गोष्ट लोक सोडतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते, कारण गाव बदललं की नाव बदलतं.

टाकळ्याचंच घ्या. विदर्भात त्याला तरोटा म्हणतात आणि तरवड हे वेगळंच झुडूप, आता तरोटा आणि तरवड एका दमात बोलून बघा, घोळ होणारच. टाकळ्याच्या एका पानात छोट्या पानांच्या बहुतेक तीनच जोड्या, टोकाला गोलसर, संध्याकाळी मिटतात, शेंग दोऱ्यासारखी लांब आणि वाकडी. तरवडाला अशा जोड्या बऱ्याच आणि शेंग चपटी, कागदासारखी. म्हणून झाडाचा एकच फोटो काढून चालत नाही, अख्खं झाड, पान वरनं आणि खालनं, फूल समोरनं आणि बाजूनं, शेंग असली तर शेंग, एवढं काढा. मापासाठी शेजारी बोट धरलं तरी चालतंय.

आणखी एक, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर तो दाबला जातो आणि त्याच्या आत साठलेली तारीख, लोकेशन निघून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या कितीतरी नोंदी यामुळं अर्धवट राहिल्या आणि आता त्या फुलाची तारीख कुणालाच आठवत नाही.

मग नोंद टिकेल अशा जागी टाका. आयनॅचरलिस्ट ही झाडं, पाखरं, किडे अशा सगळ्याच्या फोटोसकट नोंदी ठेवायची वेबसाइट आणि ॲप, २००८ पासून चालू आहे, फुकट आहे, मोबाईलवरनं होतं. पक्ष्यांसाठी ईबर्ड वेगळं, तिथं किती वेळ बघितलं आणि किती पक्षी दिसले हे पण मागतात. आयनॅचरलिस्टवर फोटो ज्यानं काढला त्यानंच टाकायचा, दुसऱ्याचा आपल्या नावावर टाकायचा नाही, आजोबांना जमत नसेल तर नातवानं शेजारी बसून त्यांच्या फोनवरनं टाकून द्यावा. ॲप जे नाव सुचवतं ते डोळे झाकून घेऊ नका, खात्री नसेल तर नुसतं वनस्पती किंवा पक्षी एवढं लिहिलं तरी पुढचं बघायला जाणकार येतात. किमान दोघांनी जातीपर्यंत मत दिलं आणि मत देणाऱ्यांतल्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त जणांचं एकमत झालं की ती नोंद रिसर्च ग्रेड होते, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी धरतात. कुंडीतलं, बागेतलं लावलेलं असेल तर तसं मार्क करा. मराठी नाव नसेल तर ते तिथं घालता येतं, देवनागरीतच घाला.

आता हे नीट वाचा. खरचुडी (कंदिलासारखी फुलं येणारी दुर्मिळ वनस्पती), ऑर्किड, घरटी, साप यांचं ठिकाण उघडं ठेवायचं नाही. पन्हाळ्याकडच्या एका सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, खरचुडीचा फोटो कुणीतरी लोकेशनच्या पिनसकट ग्रुपवर टाकला आणि पुढच्या खेपेला गेलो तर कंद उकरलेले खड्डे तेवढे होते, मला अजून ते डोळ्यासमोरनं जात नाही. आयनॅचरलिस्टवर नोंद करताना जिओप्रायव्हसी या जागा झाकायच्या सेटिंगमध्ये ऑब्स्क्युअर्ड निवडा, मग खरी जागा साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात झाकली जाते. काही धोक्यातल्या जातींचं ॲप आपोआप झाकतं, पण सगळ्यांचं नाही, त्यामुळं भरवशावर राहू नका. ग्रुपवर मात्र तुम्हालाच आवरायला लागणार, तिथं कुठलंच बटण नाही.

आळंबी खायची का हे फोटोवरनं कुणीही सांगायचं नाही, विचारणाऱ्याला पण रागवा. औषधाचं काही कळलं तर ते सांगणाऱ्या आजीला विचारल्याशिवाय बाहेर टाकू नका, ते ज्ञान तिचं आहे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, ग्रामपंचायतीत जाऊन तुमच्या गावची वही बघायला मागा, तुमच्याकडची नावं त्यात आहेत का ते तपासा.

पहिल्या रविवारी एकच काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाबरोबर परसात किंवा बांधावर जा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून खिशात ठेवा आणि दिसेल त्या प्रत्येक झाडाला हे काय म्हणून विचारा. नाव त्यांच्याच आवाजात घ्या, त्यांचा उच्चार सुधारू नका.