फायरवॉल दुरून बदलताय? आधी परतीची सोय लावा

रात्री ११ वाजता बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमध्ये काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणारे नियम, बदलत होतो. 'सगळं अडवा' हा नियम चुकून सगळ्यात वर गेला. नियम वरून खाली वाचले जातात; पहिला जुळला की पुढचे बघितलेच जात नाहीत. एंटर दाबलं आणि स्क्रीन थिजली: माझं स्वतःचं कनेक्शनही अडलं होतं. स्कूटर काढून पोचलो तेव्हा माल भरलेला ट्रक चलन निघत नाही म्हणून गेटात उभा, ड्रायव्हर पायरीवर बसलेला.

तेव्हापासून आधी परतीची सोय. सिस्को राउटरवर चालू कॉन्फिगरेशन (सगळ्या सेटिंग्ज) सेव्ह करून 'रीलोड इन १०', म्हणजे '१० मिनिटांनी रीस्टार्ट हो', ही कमांड द्या, मग बदल करा. मध्ये सेव्ह करायचं नाही. संपर्क तुटला तरी १० मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतो. सगळं नीट असेल तर 'रीलोड कॅन्सल', आणि मगच सेव्ह. ज्युनिपरचं 'कमिट कन्फर्म्ड' मला जास्त आवडतं, रीस्टार्ट लागतच नाही: १० मिनिटांत पुन्हा 'कमिट' केलं नाही तर मागचं आपोआप परत येतं. मिक्रोटिक राउटरला सेफ मोड आहे: संपर्क तुटला की त्यात केलेले बदल मागे घेतले जातात. लिनक्सवर आयपीटेबल्स-अप्लाय ही कमांड, मुदतीत होकार दिला नाही तर जुने नियम परत आणते; पण त्याची मूळ मुदत फक्त १० सेकंद, ती वाढवून घ्या.

आणि उघडं सेशन चालतंय यावर विसंबू नका. जुनं कनेक्शन फायरवॉलने आधी करून ठेवलेल्या नोंदीवर तगून राहू शकतं. दुसरी विंडो उघडून नव्याने लॉगिन करा. ते झालं तरच 'कॅन्सल' किंवा 'कमिट' द्या.