सहा महिन्यांची मुदत: घटस्फोटितांच्या प्रेमावर विनोदी पटकथा कशी लिहावी

कॉलेजातल्या प्रेमकथेला अडसर आयते मिळतात: बापाचा विरोध, जात, पैसा, परगावची नोकरी. चाळिशीतल्या, स्वतः कमावणाऱ्या घटस्फोटित बाईला पुन्हा कुणाबरोबर कॉफी प्यायची असेल तर तिला अडवणारं फारसं कुणी नसतं. मग दोन तास गोष्ट चालवायची कशाच्या जोरावर? या विषयावरच्या बहुतेक पटकथा इथेच बसतात आणि मग लेखक अपघात, आजारपण किंवा दुष्ट सासू आणून वेळ मारून नेतो.

याचं उत्तर जुन्या हॉलिवूडने नाइलाजाने शोधलं. १९३४च्या मध्यापासून तिथली निर्मात्यांची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. व्यभिचार आकर्षक दाखवायचा नाही, लग्नसंस्थेचा मान राखायचा. लेखकांनी पळवाट काढली ती अशी: नायक-नायिकेचं लग्न आधीच झालेलं दाखवायचं, ते मोडायचं आणि मग त्याच दोघांना एकमेकांच्या मागे लावायचं. चावटपणा करायला मोकळीक, आणि शेवट लग्नातच. ‘द ऑफुल ट्रूथ’ (१९३७), ‘हिज गर्ल फ्रायडे’ आणि ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (दोन्ही १९४०) हे या घडणीचे चोख नमुने. तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१च्या पुस्तकात अशा सात चित्रपटांचा गट करून त्याला पुनर्विवाहाची विनोदिका म्हटलं. या गटाचं मर्म दोन गोष्टींत आहे: घड्याळ बाहेरचं हवं आणि अडसर आतला. हा अडसर म्हणजे ती दोघं एकमेकांना नको इतकं ओळखतात.

घड्याळ कोर्टाकडून घ्या

‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये घटस्फोट पक्का व्हायला ९० दिवस आहेत आणि शेवटचा प्रसंग मुदत संपण्याच्या रात्री घडतो. आपल्याकडे याहून चांगलं घड्याळ कायद्यातच आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५च्या कलम १३ब नुसार परस्पर संमतीचा अर्ज करण्याआधी दोघं किमान एक वर्ष वेगळी राहत असावी लागतात. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा कोर्टापुढे यायचं. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. हे वाक्य लिहायच्या टेबलासमोर चिकटवून ठेवा, तुमचा सगळा तिसरा अंक, म्हणजे कथेचा शेवटचा भाग, त्यात आहे.

वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच हवं, असं नाही. परिस्थितीमुळे एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून न राहणं यात बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं आहे. मुंबईतल्या वन बीएचके आणि वीस वर्षांच्या हप्त्यांच्या शहरात याहून चांगलं नेपथ्य मिळणार नाही. तो हॉलमध्ये, ती बेडरूममध्ये, फ्रिजचा वरचा कप्पा तिचा, खालचा त्याचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी दोघांनाही बाहेर जायचंय पण आरसा एकच.

इथे जाणकार वाचक लगेच हरकत घेईल की सहा महिने माफ होतात. खरं आहे. २०१७च्या निकालानंतर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. पण त्यासाठी वेगळं राहण्याचा काळ आधीच दीड वर्षाच्या वर झालेला हवा आणि पोटगी, मुलांचा ताबा यांसह सगळे वाद मिटलेले हवेत. म्हणजे माफीची वाट बंद करायला तुम्हाला एकच गोष्ट करायची आहे: एक क्षुल्लक वाद मिटू द्यायचा नाही.

वादाची वस्तू

ही वस्तू निवडण्यात घाई करू नका, ती तीन वेळा कामाला यायला हवी. ‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये ती वस्तू म्हणजे कुत्रा. आधी कोर्टात तो कुणाकडे जातो यावर ताबा ठरतो, आणि नायिका हळूच त्याचं खेळणं दाखवून त्याला ओढून घेते. मग कुत्र्याला भेटण्याच्या निमित्ताने माजी नवरा घरी येऊ लागतो. आणि पुढे लपवलेली परपुरुषाची टोपी तोच कुत्रा पुन्हा पुन्हा तोंडात धरून नवऱ्यापुढे आणतो. भांडण, भेट, भांडाफोड हा क्रम जशाच्या तसा वापरा.

आपल्याकडे कुत्राही चालेल, पण सोसायटीतली एकुलती पार्किंगची जागा किंवा दोघांच्या नावावरचं लॉकर जास्त रुचकर. लॉकर विशेष बरं, कारण सही दोघांची लागणार असेल तर दर वेळी दोघांना बँकेत जावंच लागतं. वाटून घेता येईल अशी वस्तू निवडू नका. सोनं, फर्निचर, पैसे वाटता येतात, आणि वाटता आलं की वाद वकिलाकडे जातो आणि विनोद संपतो.

पंचांग

पहिला अर्ज जूनच्या सुरुवातीला टाका, दुसरी तारीख डिसेंबरमध्ये. मधल्या काळात घरचा गणपती येतो, दिवाळीचा पाडवा येतो आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. साधारण ११० पानांची पटकथा धरली तर गणपतीचा प्रसंग तिसाव्या-पस्तिसाव्या पानावर यावा. गावाकडच्या लोकांना अजून काही सांगितलेलं नाही, पूजेला जोडी बसायची आहे, आणि तिचा नवा मित्र ‘ऑफिसमधला’ म्हणून दर्शनाला आलेला आहे. दीड दिवसाचाच गणपती ठेवा, पाच दिवसांचा ठेवलात तर नातेवाईक कथा खाऊन टाकतात.

पाडवा सत्तराव्या पानाच्या आसपास. बायकोने नवऱ्याला ओवाळायचं, त्याने ताटात काहीतरी घालायचं. कायद्याने ती अजून बायको आहे. ओवाळायचं की नाही हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारू नये. निरांजन लावलेलं ताट तयार आहे आणि दोघंही घड्याळाकडे बघताहेत, इतकं पुरे. या प्रसंगात विनोदी ओळी कमी ठेवा. त्याआधीच्या पन्नास पानांत पेरलेलं इथे आपोआप उगवतं.

तिसरा माणूस

सगळ्यात जास्त पटकथा इथे पडतात. नवा माणूस लबाड, कंजूष किंवा बाहेरख्याली केला की प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात शेवट कळतो आणि नायिका मूर्ख ठरते. नट राल्फ बेलामीने ‘द ऑफुल ट्रूथ’मध्ये तेलाच्या पैशाचा ओक्लाहोमावाला आणि ‘हिज गर्ल फ्रायडे’मध्ये ऑल्बनीचा विमावाला केला. दोघंही सरळ, प्रेमळ, आईला बरोबर घेऊन येणारे. दोघांत खोट एकच आहे: नायिकेच्या खेळात त्यांना सामील होता येत नाही. तिने टोमणा मारला तर ते त्याचा अर्थ विचारतात.

तेव्हा तुमचा तिसरा माणूस चांगलाच असू द्या. वधूवर सूचक मंडळाच्या पुनर्विवाह विभागातून आलेला, परिचयपत्रकात ‘विनापाश’ लिहिलेला, वेळेवर येणारा, बिल भरणारा. पहिल्या भेटीत त्याने एक गोष्ट अशी करावी की प्रेक्षकाला वाटावं, अरे, हाच बरा आहे. आणि निघताना त्याला अपमानित करू नका. जुन्या चित्रपटांत त्याची टर उडवली जाते. आज ते कोतं वाटतं.

नायक माजी नवरा असो की नवा माणूस, हे पहिल्या मसुद्याआधी ठरवा. दोन्ही दारं उघडी ठेवून लिहिलं की दोघंही अर्धे राहतात.

संवाद एकमेकांवर चढवणं

‘हिज गर्ल फ्रायडे’त पात्रं एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत, त्यावर चढतात. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांची युक्ती अशी की वाक्याच्या आरंभी आणि शेवटी गेले तरी चालतील असे शब्द घालायचे, म्हणजे कडा बुडाल्या तरी गाभा ऐकू येतो. मराठीत ही युक्ती जशीच्या तशी लावली की फसते. आपलं क्रियापद आणि नकार शेवटी येतो. ‘मी किल्ली आईकडे दिली नाही’ यातला शेवटचा शब्द बुडाला तर अर्थ उलटतो. म्हणून नकार पुढे ओढा आणि शेपटाला भरताड लावा:

ती: अरे पण मला सांग, नाही दिलीस ना किल्ली आईकडे, म्हणजे बघ ना आता—
तो: अगं ऐक तर, दिली होती, तिनेच परत पाठवली, तुझ्याच त्या—
ती: हे बघ, माझ्या डब्यात नाहीये, खालच्या कप्प्यात बघ तुझ्या, काय समजलं?

‘अरे पण मला सांग’, ‘म्हणजे बघ ना आता’, ‘अगं ऐक तर’ हे सगळं बुडायचंच आहे. पटकथेत पुढच्या वाक्याची सुरुवात कुठे चढते तिथे तिरकी रेघ मारा, नाहीतर नट सभ्यपणे एकमेकांची वाट पाहतात. तिसऱ्या माणसाबरोबरच्या प्रसंगांत मात्र कुणीही कुणाच्या बोलण्यावर चढू नये. वाक्य संपतं, थांबा येतो, मग उत्तर. प्रेक्षकाला फरक कानाने कळतो, कुणी समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवात

घटस्फोट का झाला हे संवादातून सांगू नका. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ पहिल्या मिनिटभरात एक शब्दही न बोलता लग्न मोडते: ती त्याची गोल्फची काठी मोडून फेकते, तो तिच्या तोंडावर पंजा ठेवून तिला ढकलतो. त्यातली मारहाण आज घेऊ नये, काटकसर घ्यावी. एका पानात, बिनशब्द, एक मोडलेली वस्तू.

कोर्टाचे प्रसंगही हिंदी सिनेमासारखे लिहू नका. कौटुंबिक न्यायालयात पक्षकारांनी मागितलं किंवा कोर्टाला वाटलं तर सुनावणी बंद दाराआड होते, आणि संमतीच्या अर्जात आरडाओरडा करायला कारणच नसतं. खरी रंगभूमी म्हणजे समुपदेशकाची खोली: तीन खुर्च्या, एक फाइल, आणि पुन्हा पुन्हा येणारा तोच प्रश्न. तिथे तीन प्रसंग ठेवा. तिसऱ्यात प्रश्न विचारायच्या आधीच दोघांनी एकदम उत्तर द्यावं.

कथा गोव्यात घडत असेल तर यातलं कायद्याचं गणित सोडा. तिथे हिंदू विवाह कायदा लागू नाही, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. १९४७ आधीच्या मुंबईतली जुन्या काळची कथा सुचत असेल तर हेही ध्यानात ठेवा की हिंदूंसाठी मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदा त्याच वर्षी आला.

हुकूम झाल्यानंतरची गोष्ट

नवा माणूसच नायक असेल तर सहा महिन्यांचं घड्याळ संपलेलं असतं. तेव्हा विशेष विवाह कायदा, १९५४ कडे वळा. लग्नाच्या ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि हरकत घेता येते. नोटीस कुणी वाचली, यावर निम्मा चित्रपट उभा राहतो. मुलं असतील तर भेटीचे शनिवार हेच वेळापत्रक समजा आणि मुलाला आई-बापाचं लग्न जुळवणारा गोड मध्यस्थ करू नका. त्याला त्याचं काम द्या, क्रिकेटची मॅच असली तरी चालेल.

शेवट

माजी नवरा-बायको एकत्र येणार असतील तर दोन वाटा. संमती मागे घेणं ही सोपी, आणि त्यातली मजेदार आवृत्ती अशी की दुसऱ्याचा हट्ट राखायला दोघंही तारखेला गैरहजर राहतात. दुसरी वाट हुकूम होऊ देण्याची. मग त्यांना खरोखर नव्याने लग्न करावं लागतं, नवी नोंदणी, नवे साक्षीदार, आणि अर्जात वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘घटस्फोटित’. ही वाट दहा पानं जास्त मागते पण परतावा चांगला देते.

मसुदा झाला की चार जणांना बसवून मोठ्याने वाचून घ्या आणि घड्याळ लावा. त्या दोघांचे प्रसंग पानामागे मिनिटापेक्षा कमी वेळात आणि तिसऱ्या माणसाचे जास्त वेळात वाचले जायला हवेत. दोन्हींचा वेग सारखाच भरला तर कथानकाला हात लावू नका, आधी भरताड आणि थांबे तपासा.