सरकारी साईटवर नोकरी शोधताय? या चुका टाळा

इंदूरच्या भंवरकुआवरच्या क्लासमध्ये मुलं दोन-दोन वर्षं रीझनिंग घोटतात आणि अर्ज मात्र शेवटच्या रात्री अर्ध्या तासात उरकतात. मग 'फॉर्म रिजेक्ट झाला, सिस्टीमच खराब' म्हणून इंदूरभर सांगत फिरतात. सिस्टीम फार गुणाची आहे असं कुणीच म्हणत नाही. पण अर्ज अडकतात ते दरवर्षी त्याच त्या कारणांनी, आणि ती कारणं बहुतेक वेळा अर्जदाराच्याच हातात असतात.

कियोस्कवाल्याचा नंबर, कियोस्कवाल्याचा ईमेल

कियोस्कवर, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, जाऊन फॉर्म भरण्यात काही गैर नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर दुसरं करणार काय? गैर आहे ते 'तुम्हीच भरा भैया, मी चहा पिऊन येतो' म्हणण्यात. दुकानात गर्दी असते, ओटीपी यायला वेळ लागतो, तुम्ही जागेवर नसता. मग तो स्वतःचा मोबाईल नंबर आणि दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. त्या दिवशी काम झटपट होतं, त्रास सुरू होतो तो चार-सहा महिन्यांनी.

सुदामानगरातल्या एका मुलाचा रेल्वेचा अर्ज असाच भरला गेला. नंबर दुकानदाराचा, ईमेल दुकानाचा आणि फी-परताव्यासाठी बँक खातंसुद्धा दुकानदाराचंच. प्रिंट घेतली नाही, 'पीडीएफ माझ्याकडे आहे ना' एवढ्यावर समाधान. पुढे दुकान बंद पडलं आणि दुकानदार गावी निघून गेला. प्रवेशपत्र काढायला नोंदणी क्रमांक लागतो. तो पुन्हा मिळवायचा तर नोंदवलेल्या मोबाईलवर किंवा ईमेलवरच येणार. घरचे त्या माणसाच्या गावापर्यंत जाऊन क्रमांक घेऊन आले, तेव्हा कुठे परीक्षा देता आली. रेल्वेच्या ५०० रुपये फीपैकी पहिल्या टप्प्याची परीक्षा दिल्यावर ४०० परत मिळतात (२५० फी असलेल्या गटांना पूर्ण रक्कम, बँकेचा आकार कापून). ते ४०० अर्थातच दुकानदाराच्या खात्यात गेले. नंतर दुरुस्त करू म्हणावं, तर रेल्वे भरती मंडळाच्या साईटवर खातं उघडताना दिलेली माहिती आणि निवडलेलं मंडळ पुढे बदलता येत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. नोकरीच्या अर्जांसाठी एक वेगळा ईमेल काढा आणि त्याचा पासवर्ड स्वतःच ठेवा. नंबर स्वतःचाच द्या, तोही रिचार्ज चालू असलेला, कारण महिनोन् महिने न वापरलेलं सिम कंपनी बंद करते आणि नंबर दुसऱ्याला देते. साधी शंभर पानी वही करा. प्रत्येक अर्जाला एक पान: नोंदणी क्रमांक, पासवर्ड, टाकलेली जन्मतारीख, निवडलेला प्रवर्ग, फी भरल्याचा व्यवहार क्रमांक. मोबाईलमधल्या स्क्रीनशॉटवर माझा भरवसा नाही. फोन बदलला की तेच आधी हरवतात. आणि फॉर्म सबमिट होण्याआधी प्रीव्ह्यू स्वतः वाचा, दुकानदार कितीही घाई करो.

नाव आणि दाखला: इथल्या मराठी घरांची खास अडचण

बहुतेक केंद्रीय परीक्षांत नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर असेल तसंच टाकायचं असतं. ज्यांची दहावी महाराष्ट्र बोर्डातून झाली, त्यांच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. इंदूरला शिकलेल्यांच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, आधारवर मात्र मधे घुसलेलं. काळे हिंदीत काले होतात, इंग्रजीत कधी एक ए तर कधी दोन. त्यात लग्नानंतर आडनावच नव्हे तर पहिलं नावसुद्धा बदलायची आपल्याकडची रीत. आधारवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं, पॅनवर तिसरंच. जाहिरात आल्यावर हे निस्तरायला वेळ पुरत नाही.

म्हणून आधी आधार दहावीप्रमाणे करून घ्या, मग फॉर्मकडे वळा. आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा 'आधी हे करून पाहू' असला प्रयोग इथे नको. नाव कायदेशीर बदललं असेल तर फॉर्ममधल्या 'नाव बदललं आहे का' या प्रश्नाला होय म्हणा आणि विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवा.

दाखल्याचं प्रकरण याहून वाईट. आजोबा साताऱ्याहून किंवा जळगावहून आले, जातीचा दाखला तिथला, आणि मुलगा मध्य प्रदेशच्या कर्मचारी चयन मंडळाच्या (जुन्या व्यापमंच्या) अर्जात बेधडक ओबीसी निवडतो. मध्य प्रदेश राज्याच्या भरतीत आरक्षण मिळतं ते मध्य प्रदेशच्या यादीतल्या जातीला आणि इथल्या सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावर. महाराष्ट्राचा दाखला इथे चालत नाही, तो उमेदवार खुल्या गटातच धरला जातो. केंद्राच्या नोकरीसाठी पुन्हा वेगळं: ओबीसीची केंद्रीय यादीही राज्यवार आहे आणि नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेली मुलं कागदपत्र तपासणीच्या टेबलावर अडतात, म्हणजे परीक्षा पास झाल्यावर. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिक दुर्बल गटातल्यांनी) दाखल्यावरचं आर्थिक वर्ष पाहावं. गेल्या वर्षीचा दाखला यंदा उपयोगाचा नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

जुनी साईट. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) साईट फेब्रुवारी २०२४ पासून 'एसएससी डॉट जीओव्ही डॉट इन' आहे. जुन्या 'एनआयसी' पत्त्यावर केलेली नोंदणी नव्या साईटवर चालत नाही, एकदाच करायची ती नोंदणी (वन टाइम रजिस्ट्रेशन) नव्याने करावी लागते. गुगलमध्ये वर येणारी 'सरकारी' नावाची प्रत्येक साईट सरकारी असतेच असं नाही. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन आहे का ते बघा.

दोन रेल्वे मंडळं. 'भोपाळ भरतो आणि मुंबईही भरतो, चान्स वाढेल.' वाढत नाही. एका जाहिरातीला एकच मंडळ, दोन भरलीत तर दोन्ही अर्ज बाद.

सही. एसएससीला सहीची जेपीईजी फाईल १० ते २० केबी लागते. रेघांच्या वहीवर सही करून फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवला की ती धूसर होते. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही करा, आधी कडा कापा, मगच साईज कमी करा. उलट क्रमाने केलंत की सहीऐवजी पांढरा कागदच उरतो. थेट कॅमेऱ्यातून घ्यायच्या फोटोत टोपी आणि चष्मा नको.

टेलिग्रामवरचं पोस्टर वाचून अर्ज. कर्मचारी चयन मंडळाची नियम पुस्तिका शंभर पानांची असली तरी निदान वयाची गणना कोणत्या तारखेला, शैक्षणिक अर्हता आणि रोजगार पंजीयनाची अट एवढं वाचा. राज्याच्या बऱ्याच जाहिरातींत रोजगार कार्यालयाचं जिवंत पंजीयन (मुदत न संपलेली नोंदणी) मागतात. आपल्या पंजीयनाची मुदत संपली आहे का, हे जाहिरात येण्याआधीच बघून ठेवा.

जिल्ह्याचा फिल्टर. २०१५ साली सुरू झालेल्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर खाजगी नोकऱ्याही असतात आणि नोंदणी फुकट आहे. तिथे नुसतं 'इंदूर' निवडून 'काहीच नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की कारखान्यांचं पीथमपूर धार जिल्ह्यात येतं आणि देवास हा स्वतंत्र जिल्हा आहे. तिन्ही जिल्हे तपासा. कोणी नोकरीच्या आधी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

पैसे कापले, पावती नाही. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी लॉगिन करून पेमेंट स्टेटस पाहा, बँकेचा संदर्भ क्रमांक वहीत लिहा, काही तास थांबून पुन्हा तपासा. अर्थात काही तास थांबायची सोय त्यालाच असते, ज्याने शेवटच्या तारखेच्या निदान तीन दिवस आधी फॉर्म भरायला घेतला.